ग्लासगोला नेलेली मोहोर

लेस्टरला गाडीत बसलो तेव्हा मोहोर माझ्या आतल्या खिशात होती आणि हात छातीवरून निघत नव्हता. जुनी सोन्याची मोहोर, मार्गारेटबाईंची. नातीच्या लग्नात तिच्या गळ्यात घालायला कडी लावून हवी, म्हणून त्या आमच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात आल्या होत्या. सातवीत शाळा सोडून मी कोल्हापूरच्या गुजरीत (सराफांची पेठ) नाना कारागिरांच्या हाताखाली बसलो, पुतळीमाळेच्या नाण्यांना कितीतरी कड्या जोडल्या. पण हिच्यावरचं इतकं बारीक कोरलेलं हरीण पाहून हात धजेना. "आधी जाणकाराला दाखवू," म्हटलं. बाईंनी ग्लासगोच्या एका म्युझियमला पत्र टाकलं आणि सोबतीला मलाच घेतलं.

दुपारी डोंगर सुरू झाले. दगडी कुंपणं, मेंढ्या, मधेच पळता ओढा. बाईंनी शॉर्टब्रेड (लोण्याची जाड नानकटाई) पुढे केली आणि म्युझियमचं उत्तर वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती, नाणं कृपया स्वच्छ करू नये.

घास तोंडातच राहिला. गिऱ्हाइकाचं सोनं मळकं परत द्यायचं नाही, ही आमची रीत.

"मॅडम, मी काल रिठ्याच्या पाण्यात धुतलं."

त्यांनी पत्राची घडी घातली. "माझ्या आजीची एवढी एकच वस्तू उरलीय, वसंत."

म्युझियममधल्या दाढीवाल्या साहेबांनी मोहोर भिंगाखाली धरली. "घासलंस?"

"नाही साहेब. बुडवलं, मलमलीनं टिपलं. दुसऱ्याचं सोनं घासलं तर कण आपल्याकडे राहतो. नाना त्याला चोरी म्हणतात." धुण्याआधीच्या वजनाची चिठ्ठी मी पुढे केली. त्यांनी तोललं. तेवढंच भरलं.

"एकही ओरखडा नाही," ते हसले. "नाहीतर आज्या टूथपेस्टनं घासून आणतात."

"माझ्या आजीला मध्ये आणू नका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

मोहोर स्टोलबर्गची निघाली. जर्मनीतली आपल्या एखाद्या जहागिरीएवढी काउंटी. तिथल्या काउंटनं, म्हणजे जहागीरदारानं, चारशे वर्षांपूर्वी पाडलेली. अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात म्हणे. साहेबांनी भिंग मला दिलं. हरणाचा डोळा खसखशीहून बारीक. माझ्यासारखाच कुणी मान खाली घालून तो पोलादी ठशात उलटा कोरत बसला असेल. त्याचं नाव साहेबांनाही ठाऊक नव्हतं. मी नकळत हात जोडले.

"कडी नको," परतीच्या गाडीत मी बाईंना म्हटलं. "नुसतं कोंदण करतो. मोहोरेला आच लागणार नाही." त्यांनी मोहोर पर्समधून काढून माझ्या हातावर ठेवली. "तुझ्याच खिशात बरी."

सकाळी कॉलिंग कार्डावरून कोल्हापूरला फोन लावून नानांना सगळं सांगितलं.

"वजन लिहून ठेवलं होतंस ना?"

"हो."

"मग घाबरलास कशाला?"