आमचा राजा मरायला तयार नव्हता

आमच्या पंचवटीतल्या हौशी नाट्यसंस्थेत एकच राजा होता. त्याला आम्ही सर म्हणायचो. नाटक निवडणार सर, बसवणार सर आणि त्यातलं मोठं काम करणार तेही सरच. संस्थाही त्यांनी अशीच मिळवली होती. स्वतःच्या गुरूंना एका सभेत हार घालून 'सल्लागार' करून टाकलं होतं. तेव्हापासून सभा म्हटलं की ते तारीख पुढे ढकलायचे.

त्या वर्षी त्यांनी इंग्लंडच्या इतिहासातलं नाटक काढलं. बंड करून गादी बळकावलेला राजा, त्याच्यावर उलटलेले सरदार आणि बापाच्या मनातून उतरलेला राजपुत्र. राजा अर्थात सर. राजपुत्र त्यांचा मुलगा, देवळाली कॅम्पात बँकेत नोकरी करणारा चाळिशीचा गृहस्थ. तालमीत त्यानेही बापाला 'सर' म्हणायचं, असा नियम. एखादं नाटक आपण बसवावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती. सर दर वेळी म्हणत, "बघू." मी बंडखोर सरदार होतो. पहिल्याच अंकात मारला जायचो आणि उरलेलं नाटक विंगेतून बघायचो.

शेवटी आजारी राजा झोपतो, मुकुट उशीवर असतो आणि बाप गेला असं समजून राजपुत्र तो उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवतो. तालमीत सर हा प्रवेश काही ना काही कारण काढून टाळायचे. प्रयोगाच्या दिवशी तर मुकुट घालूनच झोपले. मुकुट नसेल तर फोटोत राजा कोण ते कळणार नाही म्हणे.

मुलाने मुकुटाला हात लावला. झोपलेल्या राजाने तो दोन्ही हातांनी धरला.

"सोडा ना, बाबा," मुलगा पुटपुटला.

"स्टेजवर सर म्हणायचं," राजा डोळे मिटूनच म्हणाला.

मुलाने हिसका दिला. मुकुट आला आणि त्याला पिनांनी टाचलेला विगही आला. टकलावर लाइट पडला, प्रेक्षक खो खो हसले. सर मात्र हलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बरा अभिनय केला. मला मुलाचा फार अभिमान वाटला.

पुढच्या वर्षी हार घालून सरांना सल्लागार केलं. मुलाने तेच नाटक पुन्हा बसवलं आणि राजा स्वतः झाला. प्रयोगाआधी मी मेकअपच्या खोलीत डोकावलो आणि नेहमीसारखी "काय रे" म्हणून हाक मारली.

"संस्थेत सर म्हणायचं, काका," तो आरशात बघत म्हणाला, आणि मुकुटाला नवी लावलेली नाडी हनुवटीखाली घट्ट बांधू लागला.