जयवंताबाईंची वळणदार सही

तेलंगणातल्या भीमपूरजवळच्या जयवंताबाईंच्या घरची एक रीत होती. कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात सीतादहीची, म्हणजे दहीभाताच्या नैवेद्याची, पूजा मांडायची आणि पहिलं बोंड घरच्या लेकीनं वेचायचं. लेक एकच, प्रणिता. ती आदिलाबादच्या निवासी शाळेत, तेलुगू माध्यमात दहावीला होती. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी जयवंताबाई शाळेच्या फाटकाशी गेल्या, शिपायाला सांगितलं आणि पोरीला घेऊन बसमध्ये बसल्या. शिपायानं मान हलवली होती, तीच त्यांना परवानगी वाटली.

गुरुवारी परतल्या तेव्हा मुख्याध्यापिका संतापलेल्या. मुलगी चार दिवस बाहेर; काही बरंवाईट झालं असतं तर जबाब कोणी द्यायचा? त्यांचंही खोटं नव्हतं. पंधरा दिवसांचं निलंबन, असं त्यांनी सांगून टाकलं. प्रणिता वर वसतिगृहात पेटी भरायला गेली, तेवढ्यात कारकुनानं जयवंताबाईंपुढे तेलुगूतला कागद सरकवला. त्या गावात मराठी चौथी शिकलेल्या. आजवर कुठं अंगठा उठवला नव्हता, याचा त्यांना कोण तोरा! काय लिहिलंय म्हणून विचारावं तर हा आपल्याला अडाणी समजणार. झाकली मूठ बरी, असं ठरवून त्यांनी मराठीत पूर्ण नाव लिहिलं, अगदी वळण सांभाळून.

पंधरा दिवस प्रणितानं सकाळी कापूस वेचला आणि दुपारी बांधावर गणितं सोडवली. सोळाव्या दिवशी मायलेकी शाळेत आल्या, तर हजेरीपटावरून नावच कमी झालेलं. कारकुनानं तोच कागद काढून दाखवला. प्रणितानं तो उभ्याउभ्या वाचला आणि आईला मराठीत सांगितला: मी माझ्या खुशीनं मुलीला शाळेतून काढून नेत आहे.

"माय, तू मले हाक मारून खाली काऊन नाही बोलावलं?"

जयवंताबाईंनी मुख्याध्यापिकांपुढे हात जोडले. "आमाले वाटलं, पंधरा दिवसाचंच हाय ते."

मुख्याध्यापिका या खेपेला रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त भीतीचं होतं. परीक्षेची नावं गेल्या आठवड्यातच बोर्डाकडे गेली, त्यात प्रणिताचं नाही, असं त्यांनी हिंदीत हळू आवाजात सांगितलं. आता दाखला घ्या, पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा.

दाखला तयार होईपर्यंत दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. घंटा झाली. प्रणिता सवयीनं उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. जयवंताबाईंना तिला 'जा' म्हणता येईना, आणि 'बस' म्हणायला तोंड उघडेना.