सूत बाजारात आज कुणी मागे बोलावलं नाही

मैत्रिणींनो, आज सुरतच्या सूत बाजारात गेले होते. व्यापारी म्हणाला, "बेन, बारीक सूत हवं तर त्याच कंपनीचं जाडही उचलावं लागेल." नवागामच्या आमच्या चार मागांवर जाड सूत चालत नाही.

आमचे हे होते तेव्हा भाव पटला नाही की दुकानातून उठायचे, आणि व्यापारी हाक मारून परत बसवायचा. आज मीही उठले. हाक आली नाही. पुढच्या दोन्ही दुकानांत तीच अट.

शेवटचा हसला. "बेन, पाट्या वेगळ्या, पण माल एकाच कंपनीचा. चपला कशाला झिजवता?"

मक्तेदारीविरुद्ध कायदा आहे, हे मी वाचलंय. पण जबरदस्ती कुणीच केली नव्हती. माग बंद पडू नयेत म्हणून दोन्ही सूत घेऊन आले. तुम्ही कुठे गेल्या असतात?