दोन वर्षांची कसर

रत्नाकर पेठकर अंबत्तूरच्या पंपाच्या कारखान्यातून मार्च २००७ मध्ये निवृत्त झाले आणि एप्रिलच्या दोन तारखेला त्यांनी स्वतःची आणि पत्नी विद्युलताबाईंची आरोग्य विम्याची पॉलिसी घेतली. कारखान्याचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपला होता. मधला एक दिवससुद्धा त्यांना मोकळा सोडायचा नव्हता, पण एक तारखेला नेमका रविवार आला. त्या एका दिवसाची त्यांना फार रुखरुख लागली. विद्युलताबाई हसून म्हणाल्या होत्या, "मी उद्यापर्यंत आजारी पडत नाही, मग तर झालं?"

एकतीस वर्षं ते चेन्नईत होते, त्यांतली शेवटची बारा तांबरमजवळच्या सेलैयूरमध्ये. शेजारी नारायणस्वामी राव. तंजावरकडचे मराठी, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. मराठी बोलायचे, पण आडवळणाची, जुनी, तमिळच्या चालीवर हेलकावणारी. दोघे रोज सकाळी रेल्वेच्या मैदानाभोवती तीन फेऱ्या मारत आणि तिन्ही फेऱ्यांत भांडत.

"औषधपाणी सरकारनं पाहावं," नारायणस्वामी म्हणत. "रस्ता सरकार करते, पाणी सरकार देते. मग मनुष्याचं शरीर काय प्रायव्हेट आहे?"

"सरकारनं सगळं केलं की रांगा लागतात, राव. अंबुजावहिनींच्या ऑपरेशनला पाच महिने थांबलात ना?"

"थांबलो! पेरांबूरच्या रेल्वे आस्पत्रीत बाकावर बसून थांबलो. पण झालं की नाही? आता नळावर भांडते तेव्हा चार घरं ऐकतात."

"मी हप्ता भरतो. कुणाची मेहेरबानी नाही. हप्ता भरला की तो हक्क झाला."

"हक्क," नारायणस्वामी तोंड वाकडं करत. "पेठकरसार, तुम्ही कंपनीस मुलगी दिल्यासारखे बोलता."

हा वाद चौदा महिने चालला. जून २००८ मध्ये विद्युलताबाई अंगणात रांगोळी घालताना बसल्या त्या उठल्याच नाहीत. पेठकरांनी त्यांना रिक्षात घालून जवळच्या खासगी इस्पितळात नेलं.

तिथे दाखल करून घेताना ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कधीपासून? पेठकरांचं तमिळ बसपुरतं आणि बाजारापुरतं होतं. ताप म्हणजे जुरम, हे त्यांना येत होतं. पण ताप नव्हताच. थर्मामीटर लावला की पारा हलत नसे, तरी विद्युलताबाई संध्याकाळी शाल ओढून बसत आणि म्हणत, "अंगात कसर आहे हो." आता याला तमिळमध्ये काय म्हणायचं? इंग्रजीतही त्यांना शब्द सुचेना. ताप म्हणावं तर चुकीचं, काहीच नव्हतं म्हणावं तर खोटं. पेठकरांना अंदाजे बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "रेंडु वरुषमा कसर."

"कॅन्सर?" बाईंनी विचारलं.

आपला शब्द त्यांच्या तोंडून असा वेडावाकडा निघाला, असंच पेठकरांना वाटलं. त्यांनी मान डोलावली. "हो, हो. कसर. टू इयर्स."

बाईंनी लिहून घेतलं आणि खाली पेठकरांची सही घेतली. आठ दिवसांनी तपासण्यांचे निकाल आले आणि खरोखरच रक्ताचा कॅन्सर निघाला, म्हणून त्या ओळीकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही. ऑगस्टच्या एकोणीस तारखेला विद्युलताबाई गेल्या.

ऑक्टोबरमध्ये विमा कंपनीचं पत्र आलं. रुग्णास दोन वर्षांपासून कर्करोग असल्याचं इस्पितळाच्या कागदावर नमूद आहे, पॉलिसी तेव्हा चौदा महिन्यांची होती, म्हणजे आजार आधीचा असून तो लपवण्यात आला. सबब दावा नामंजूर. सोबत त्या पानाची प्रत होती.

पेठकरांनी ते सगळं पुण्याला लेकीकडे पाठवलं. जावई उपेंद्र वकिली करत होता, तो काही सुचवील म्हणून. चौथ्या दिवशी क्षमाचा फोन आला. उपेंद्रनं काय सुचवलं ते तिनं सांगितलंच नाही.

"बाबा, तुम्हाला दोन वर्षं माहीत होतं?"

"अगं, नाही. त्यांची चूक आहे ती."

"सही तुमची आहे खाली. मी दिवाळीला आले होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं? मी चार दिवस राहून परत गेले, बाबा. तुम्ही मला जाऊ दिलंत?"

"चूक झालीय त्यांची. मी दुरुस्त करून आणतो. तुला पाठवतो."

"बरं," ती म्हणाली. नेमकी कोणती चूक, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायचं तर कसर हा शब्द उच्चारावा लागला असता, आणि मग पुढचंही सांगावं लागलं असतं. तेव्हापासून रविवारचा फोन पंधरवड्यावर गेला. बोलणं दोन मिनिटांत संपायचं.

फेऱ्या मात्र चालू होत्या. एकदा नारायणस्वामींना त्यांनी सगळी हकिगत सांगितली. ते उभेच राहिले.

"लेसा जुरम म्हणायचं, पेठकरसार! थोडा ताप. दोन शब्द! मज हाक मारायची होती. भिंतीपलीकडे तर होतो."

"तिला ताप नव्हता, राव. कसर होती."

"अय्यो, थर्मामीटरचा हिशोब तिथे कशास?" मग थोडं चालून ते म्हणाले, "अंबुजाचं दुखणं कधीपासून, हे आमच्या डॉक्टरानंही विचारलं. तीन वर्षं, म्हटलं. त्यानं मज शिव्या घातल्या आणि तिला आत घेतलं. तुमच्या कंपनीनं तेच विचारलं आणि दार लावलं."

पेठकरांकडे याला उत्तर होतं. सगळे जण आजारी पडल्यावरच विमा घेऊ लागले तर कंपनी चालेल कशी, हे त्यांनी पूर्वी कितीदा तरी समजावलं होतं. त्या दिवशी त्यांनी फक्त फेरी पुरी केली. वाद जिंकल्याचा नारायणस्वामींना आनंद झालेला दिसला नाही.

डिसेंबरात पेठकर इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात गेले. तिथले प्रमुख मुरली पन्नाशीचे, कपाळावर विभूती लावणारे सज्जन गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसू आवरलं आणि फाइल काढली.

"कसर म्हणजे एक्झॅक्टली काय, सार?"

पेठकरांनी सांगून पाहिलं. अंग मोडून येतं, थोडं गरम लागतं, पण ताप नसतो. तोंडाला चव नसते. मुरलींनी मान हलवली. ते फाइलवर वाकले आणि आवाज उतरवून बोलू लागले.

"डॉक्टरमॅडम चांगल्या आहेत. दुरुस्ती करून देतील. कॅन्सर काढून लो फीव्हर लिहू. पण सार, ते 'टू इयर्स' तसंच राहिलं तर कंपनी पुन्हा नाहीच म्हणेल. लक्षण पॉलिसीच्या आधीचं होतं म्हणेल. टू वीक्स लिहू या? गडबडीत लिहिणाऱ्याची चूक, परवायिल्लै, हरकत नाही. कुणाचं नुकसान नाही."

पेठकर समोरच्या कोऱ्या अर्जाकडे बघत राहिले. दोन आठवडे लिहिलं की दोन लाख मिळणार होते. तो आकडा मोठा होता, पण त्यांच्या डोळ्यांपुढे तो नव्हता. दोन आठवडे लिहिलं की क्षमाला पाठवायला स्वच्छ कागद मिळणार होता. आई पंधरा दिवस बरी नव्हती, बाबांनी लगेच इस्पितळात नेलं, आणखी काय करणार होते बिचारे? रविवारचा फोन पुन्हा दर रविवारी आला असता.

पण त्यांना ती संध्याकाळची शाल आठवली. २००६ चा जून, त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. कारखान्याचा विमा चालू होता. तेव्हा एकदा डॉक्टरकडे नेलं असतं तर एक कागदही अडला नसता. विद्युलताबाई म्हणत, "कसर आहे हो," आणि हे पेपरातून मान न काढता म्हणत, "क्रोसिन घे आणि पड." किती वेळा? ते मोजायला लागले आणि थांबले. दोन आठवड्यांत एवढ्या संध्याकाळी बसत नव्हत्या.

"टू इयर्सच लिहा," ते म्हणाले.

"सार, विचार करा."

"ती दोन वर्षं सांगत होती. तेवढं तरी बरोबर लिहिलं जाऊ द्या."

मुरलींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि अर्ज लिहून घेतला. कसर हा शब्द पेठकरांनी स्वतःच्या हातानं इंग्रजी अक्षरांत लिहिला आणि त्यापुढे अर्थ लिहिला. अर्थ अडीच ओळींचा झाला.

कंपनीचं उत्तर तीन आठवड्यांत आलं. तपशिलातील दुरुस्तीची नोंद घेतली आहे, निर्णयात बदल नाही. पेठकरांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी दुरुस्त पानाची प्रत काढली, क्षमाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवली आणि सोबत एकच ओळ लिहिली, 'मला कॅन्सर माहीत नव्हता, पण हे माहीत होतं.'

तिच्या फोनची वाट बघण्यात एक रविवार गेला, दुसराही गेला. नारायणस्वामी रोज फाटकाशी येऊन थांबत. सरकार गरिबांसाठी विमा काढणार अशी बातमी त्यांनी वाचली होती. सरकारच विमा काढणार म्हटल्यावर या वादात नेमकं कोण जिंकलं, हे त्यांना पेठकरांकडून समजून घ्यायचं होतं. पेठकर म्हणत, "उद्या बोलू."

तिसऱ्या रविवारी दुपारी बाराच्या सुमारास फोन वाजला.

"बाबा, कागद मिळाला." क्षमाचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता. "कसर म्हणालात होय तुम्ही त्यांना?"

"हो."

"मलाही म्हणायची फोनवर. मी विचारायचे, डॉक्टरला दाखवलंस का? तर म्हणायची, ह्यांना सांगितलंय, ते बघतील."

पेठकरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"सांगितलं होतं तिनं," ते म्हणाले. "मी बघितलं नाही."

मागे कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, पुण्यात की इथे, ते कळलं नाही.

"मीसुद्धा नंतर विचारलं नाही, बाबा," क्षमा म्हणाली. आणि मग, नेहमी तिची आई विचारायची तसं, "जेवलात का?"

"हो," पेठकर म्हणाले. भात अजून लावायचा होता.