एका उंच मोटारीचा तुलनातक्ता

त्या गाडीविषयी माझे मत आजही बदललेले नाही. ती धड मोटार नव्हे आणि धड जीपही नव्हे. मोटारीसारखी ती वळणावर रस्ता धरत नाही आणि जीपसारखी चिखलातून निघत नाही. पुढून पाहावी तर छाती काढून उभी. मागून पाहावी तर करवतीने कापल्यासारखी, कारण लांबी चार मीटरच्या आत बसली की कर कमी लागतो. विकणारे तिला क्रॉसओव्हर म्हणत. ज्या वस्तूला आपण काय आहोत हे सांगता येत नाही, तिला असे नाव द्यावे लागते.

लखनौमध्ये मेट्रोसाठी रस्ते खणले जात होते, त्या वर्षाची ही गोष्ट. मी संशोधन संस्थेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. इंदिरा नगरमधल्या घरात आम्ही चौघे राहत होतो: मी, पत्नी, मुलगा आणि सून. दारात एक जुनी, ठेंगणी मोटार होती. ती मी नोकरीत असतानाच घेतली होती. तिने मला रस्त्यात कधी उभे केले नव्हते आणि मीही तिची सर्व्हिसिंग एकदाही चुकवली नव्हती. आमच्या दोघांत तक्रारीला जागा नव्हती.

पत्नीने मात्र त्या गाडीत बसणे सोडले होते. तिचे दोन्ही गुडघे गेले होते आणि साखरेमुळे डॉक्टर शस्त्रक्रिया पुढे ढकलत होते. वर्षभरापूर्वी एका लग्नाला गेलो असता तिला गाडीतून बाहेर निघता येईना. बँडवाल्यांसमोर दोन अनोळखी माणसांनी तिला दंडांना धरून ओढून काढले. त्यानंतर ती फाटकाबाहेर गेली नाही. मध्ये एकदा शेजाऱ्यांनी आपली मोठी, जीपसारखी गाडी दारात आणली. तिच्यात चढण्यासाठी स्टूल ठेवले, तरी पाऊल पायरीपर्यंत पोहोचेना. ती मागे फिरली. अमीनाबादचा बाजार सुटला, मराठी मंडळाचे हळदीकुंकू सुटले. घरात बसणे हा तिचाच निर्णय आहे, असे मी धरून चाललो. तसे धरणे सोयीचे होते.

एका रविवारी जेवताना मुलाने विषय काढला.

"बाबा, आता ही गाडी बदलूया. मी एक क्रॉसओव्हर बघून आलोय. क्या गाडी है! सनरूफ आहे, एवढी मोठी स्क्रीन आहे, ग्राउंड क्लिअरन्स..."

"कोणासाठी?"

"आईसाठी. म्हणजे, सगळ्यांसाठीच."

"सनरूफ आईसाठी?"

"अरे यार, बाबा..."

"मी तुझा यार नाही."

सून ताटाकडे पाहत राहिली. आईचे गुडघे ही सबब आहे आणि सनरूफ हे कारण आहे, असे मी ठरवून टाकले. कंपनीच्या पार्किंगमध्ये त्याच्या बरोबरीच्यांच्या गाड्या उंच झाल्या होत्या. तो अधूनमधून नेत असलेली आमची तेवढी ठेंगणी राहिली होती. एवढीच बाब होती.

मी त्याला सांगितले की निर्णय कागदावर होईल.

संस्थेत मी अनेक वर्षे खरेदी समितीवर होतो. तिथे तीन दरपत्रकांशिवाय आणि तुलनातक्त्याशिवाय साधा पंखाही येत नसे. तीच पद्धत मी घरात लावली. तीन शोरूममधून कागद आणवले. आठवडाभर बसून तक्ता तयार केला. किंमत, विमा, पहिल्या पाच वर्षांची देखभाल, टायर, इंधन, फाटकातून आत येण्याची रुंदी, वळण्यास लागणारी जागा. जुन्या गाडीचा रकाना पहिला, कारण न घेणे हाही एक पर्याय असतो आणि तो समितीसमोर ठेवणे बंधनकारक असते.

तक्ता क्रॉसओव्हरच्या विरुद्ध गेला. तो मी फिरवला नव्हता; त्याची गरजच पडली नाही. उंची वाढली की वजन वाढते, वजन वाढले की पेट्रोल जास्त पिते. टायर मोठे म्हणून महाग. विमा जास्त. मुलाला डिझेल हवे होते. डिझेलला द्यावी लागणारी जादा किंमत आमच्या तुटपुंज्या वापरात कधीच वसूल झाली नसती. जमेच्या बाजूला दोनच गोष्टी होत्या. पावसाळ्यात आमच्या चौकात साचणाऱ्या पाण्यातून ती निघाली असती आणि मेट्रोवाल्यांनी ठेवलेल्या खड्ड्यांत तिचे पोट घासले नसते. वर्षातले वीस दिवस. उरलेले दिवस त्या उंचीचे भाडे भरत बसायचे.

पुढच्या रविवारी सकाळी मी तक्ता वाचून दाखवला. पत्नी नेहमीप्रमाणे बाहेरच्या खोलीतल्या लाकडी तख्तावर बसून मटार सोलत होती. थंडीत लखनौला मटार पोत्याने येतो आणि तिचे हात त्यात महिनोन्महिने गुंतलेले असतात. मुलगा खांबाला टेकून उभा होता. मी शेवटचा रकाना वाचला आणि शिफारस सांगितली: खरेदी करू नये.

"झालं?" पत्नीने विचारले.

"झाले."

"अहो, मग मागणीपत्रक कुठाय?"

मी तक्त्याची पाने पुन्हा चाळली.

"नाही, मी आपली विचारते. तीस वर्षं माझे कान किटले ते ऐकून. अमक्याची फाइल परत पाठवली, वापरणाऱ्याने स्वतः लिहिलं नव्हतं. तमक्याची परत पाठवली. ते फ्रीझरचं तर जेवताना किती वेळा ऐकलं, त्याला मोजदाद नाही."

फ्रीझरचे खरे होते. मी समितीवर येण्यापूर्वी एका वरिष्ठांनी प्रयोगशाळेला न विचारता एक प्रचंड फ्रीझर मागवला होता. तुलनातक्ता निर्दोष होता. फ्रीझर दारातून आत गेला नाही. तो दोन वर्षे व्हरांड्यात उभा होता आणि शिपाई त्यावर सायकलचे कुलूप ठेवत. तेव्हापासून माझा नियम होता: ज्याला वस्तू वापरायची आहे, त्याने काय हवे ते स्वतःच्या अक्षरात लिहून दिल्याशिवाय तक्ता करायचा नाही. या नियमासाठी मी अनेकांशी वैर घेतले होते.

"कागद घ्या," ती म्हणाली. "माझे हात ओले आहेत. मी सांगते, तुम्ही लिहा."

"नियमाप्रमाणे स्वतः लिहावे लागते."

"मग अंगठा देते."

मुलगा हसला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

मी लिहू लागलो. तिने दोनच वाक्ये सांगितली. मला खाली वाकून बसता येत नाही आणि वर पाय उचलून चढता येत नाही. या तख्तावरून मी कुणाचा हात न धरता उठते, तेवढी उंची पाहिजे.

मग तिने खरोखरच हात पदराला पुसले आणि खाली सही केली.

मी टेप आणली. तख्त गादीसकट मोजले: बरोबर दोन फूट. बाहेर जाऊन जुन्या गाडीची बैठक रस्त्यापासून मोजली: एक फूट सात इंच. शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांची गाडी मोजली: तीन फुटांना एक इंच कमी. माझ्या तक्त्यात सतरा ओळी होत्या. बैठकीच्या उंचीची एकही नव्हती. गाडी जमिनीपासून किती उंच आहे, हे मी मिलिमीटरमध्ये लिहिले होते. माणूस किती उंचीवर बसणार, हे लिहिले नव्हते. जी बाई त्यावाचून वर्षभर घरात होती, ती माझ्यापासून सहा हातांवर मटार सोलत होती.

त्याच दुपारी आम्ही शोरूमला गेलो. तिथवर तिला आमच्याच गाडीतून नेणे भाग होते. बसवताना पंधरा मिनिटे लागली. उतरवताना मुलाने आणि मी तिला ओढले. इथेही लोक पाहत होते. तिने दात आवळले होते.

विक्रेता पुढे आला. "आइए माताजी, आइए सर. सर, यह क्रॉसओव्हर है. गाड़ी का आराम और एसयूवी की शान."

"शान राहू द्या. सीट की ऊँचाई बताइए."

"जी?"

"ज़मीन से सीट तक."

त्याने माहितीपत्रक दोन्ही बाजूंनी पाहिले. "सर, यह तो किसी ने पूछा नहीं आज तक."

मी टेप काढली. दोन फूट एक इंच.

पत्नी मला बाजूला सारून पुढे झाली. "भैया, दरवाज़ा पूरा खोलिए." तिने गाडीकडे पाठ केली, टेकली, मग एकेक पाय आत घेतला. दार न लावता ती थोडा वेळ समोर बघत बसली. मग पाय बाहेर काढले. मी हात पुढे केला होता. तिने तो घेतला नाही. उठून उभी राहिली, आणि पुन्हा बसली. पुन्हा उठली.

"आई, पुरे," मुलगा म्हणाला.

"तू थांब रे. आणखी एकदा."

ज्या अधांतरीपणासाठी मी त्या गाडीला आठवडाभर शिव्या घातल्या होत्या, त्याचीच पत्नीला गरज होती. शेरा बदलणे भाग होते. मी तो तिथेच टेबलावर बदलला. डिझेल नाकारले. सनरूफ नाकारले, लखनौच्या मे महिन्यात डोक्यावर काच घेऊन फिरण्याची गरज कोणत्याही मागणीपत्रकात नव्हती. मुलगा कुरकुरला. "बाबा, टॉप मॉडेल नाही घेतलं तर स्क्रीनपण छोटी मिळते."

"मागणी करणाऱ्यांना विचार."

"मला रस्ता दिसतो काचेतून," पत्नी म्हणाली. "स्क्रीन कशाला?"

गाडी आली. सुनेने तिच्या चाकांखाली लिंबे ठेवली आणि ती चिरडून आत आणली. फाटकातून घेताना दोन्ही बाजूंना चार बोटे जागा उरते. मुलाने पहिल्याच महिन्यात आरसा घासला. वळणावर ती आजही बाहेर झुकते. पाठीमागची खिडकी इतकी अरुंद की मागे कोण आहे हे अंदाजाने ठरवावे लागते. मी ती चालवत नाही.

चालवते सून. दोघी निघतात, कुठे ते मला सांगतात, कधी सांगतही नाहीत. अमीनाबादच्या गल्ल्यांत ती गाडी शिरणे अशक्य आहे, हे मी तक्त्यात लिहिले होते आणि ते खरे ठरले. त्यावर पत्नीने उपाय काढला. गाडी बाजाराच्या तोंडाशी उभी राहते, सून दुकानदाराला निरोप देते आणि तो नोकराच्या खांद्यावर कापडाचे तागे घेऊन गाडीपाशी येतो. ती दार उघडून, पाय बाहेर सोडून बसते आणि भाव करते. मागून रिक्षावाले ओरडतात. ती ऐकत नाही. हळदीकुंकवाला तर त्या संक्रांतीत ती सात घरी गेली.

वर्ष संपल्यावर मी खर्चाचा ताळा घेतला. प्रत्यक्ष खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट भरला होता. आधी मला वाटले, कंपनीने सांगितलेले मायलेज खोटे. टाकी भरून पाहिले. फार फरक नव्हता. मग विमा तपासला, टायर तपासले. तेही ठीक होते. अखेर चूक सापडली ती किलोमीटरमध्ये. महिन्याला गाडी किती चालेल, हा आकडा मी जुन्या गाडीच्या शेवटच्या वर्षावरून घेतला होता.

त्या वर्षी पत्नी घरात बसून होती.