गाडीचा ताप

घोलवडचे दौलतभाऊ स्वतःचं ब्लडप्रेशर कधी मोजत नसत, पण गाडीचा ताप रोज बघत. गाडी हायब्रिड होती, पेट्रोलवरही चालायची आणि बॅटरीवरही. मुंबईच्या भाच्याकडून ती जुनीच घेतली होती. चिकूच्या वाडीचं काम गड्यांनी सांभाळल्यावर भाऊंना हा नवा छंद लागला. स्टिअरिंगखालच्या खाचेत त्यांनी काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. ते गाडीच्या पोटातलं सगळं सांगायचं, आणि पुढच्या सीटवरचा लॅपटॉप ते टिपून घ्यायचा. लॅपटॉप पडू नये म्हणून त्याला सीटबेल्ट बांधला होता.

त्यामुळे रखमाबाई मागं बसू लागल्या.

"लग्नात तरी शेजारी बसवलं होतं," त्या म्हणत.

"अगं, चार दिवस माहिती जमू दे."

चार दिवसांचे चार महिने झाले. आणि मग लॅपटॉपवरची बॅटरीच्या तापाची तांबडी रेघ वर चढायला लागली. बॅटरी तापत होती. एकदा तर गाडीच्या काचेखाली इशाऱ्याचा दिवाच लागला. बोईसरला नोकरी करणाऱ्या प्रितेशने, त्यांच्या मुलाने, फोनवरच निकाल दिला, "पप्पा, बॅटरी गेली. रविवारी मी गिऱ्हाईक घेऊन येतो. गाडी काढून टाकू."

भाऊंनी महिनाभराच्या रेघा एकाखाली एक लावून पाहिल्या. चिखल्याला समुद्रावर गेलं की गाडी थंड. डहाणूला गेलं, थंड. तलासरीला रखमाबाईंच्या बहिणीकडे, चंद्रिकाकडे, निघालं की ताप. येताना पुन्हा थंड.

"तुझ्या बहिणीचं गाव तिला सोसत नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

"तुम्हाला तरी कुठं सोसतं? गाडी मालकावर गेलीय."

शनिवारी शेवटचं म्हणून दोघं तलासरीला गेली. नेहमीसारखी चंद्रिकासाठी चिकूंची गोणी मागच्या सीटवर, रखमाबाईंच्या शेजारी. दारात पोचेपर्यंत रेघ शिखरावर होती. रखमाबाईंनी गोणी उतरवली आणि आत गेल्या. भाऊ गाडी चालू ठेवून स्क्रीनकडे केविलवाणे बघत राहिले. बघता बघता रेघ उतरायला लागली.

भाऊ खाली उतरले. आत गेले, गोणी उचलली आणि परत सीटवर आणून ठेवली. रेघ चढली. गोणी काढली. उतरली.

"भावजी, चिकू द्यायचे नसतील तर तसं सांगा!" चंद्रिका दारातून ओरडली. "चहा निवला. शेजारी बघायला लागलेत."

भाऊ मागच्या सीटवर डोकं घालून बसले होते. कडेला एक जाळी होती. आतला पंखा तिथूनच हवा ओढून बॅटरी गार ठेवायचा. गोणी नेमकी त्या जाळीला चिकटून बसत होती, आणि चार महिन्यांत गोणपाटाच्या सुतळ्या जाळीत दाढीसारख्या साचत गेल्या होत्या.

"बॅटरी ठीक आहे! श्वास कोंडत होता तिचा!" तिथूनच त्यांनी प्रितेशला फोन लावला. "गिऱ्हाइकाला सांग, गाडी विकायची नाही."

रखमाबाई बाहेर येऊन सुतळ्या उपटत म्हणाल्या, "पण ही गोणी आधी कुठं असायची हो?"

"पुढं. तुझ्या पायाशी."

"आणि मी?"

"पुढंच."

"मग आम्हा दोघींना मागं कुणी पाठवलं?"

भाऊंनी सीटबेल्ट बांधलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं, चंद्रिकाकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं बेल्ट सोडला. ताप मोजायला बसवलेला वैद्यच रोग घेऊन आला होता, हे त्यांना कळलं.

परतताना रखमाबाई पुढं बसल्या, लॅपटॉप त्यांच्या मांडीवर.

कोसबाडचा डोंगर दिसू लागल्यावर भाऊंनी हळूच विचारलं, "किती झालं गं?"

"समोर बघून गाडी चालवा," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं स्वतःहूनच पुटपुटल्या, "गार आहे."