गोदामातली मावशी

भाकरी हातात पडली की मावशी ती आधी उजेडाकडे धरायची, उलटसुलट करून बघायची. "जनावरानं तरी तोंड लावलं असतं का हिला, मॅनेजर?" मग सगळी खायची आणि अजून मागायची.

मोठ्या दुष्काळात आमच्या सोसायटीनं केजजवळच्या खताच्या गोदामात निराधारांची सोय केली होती. देखरेख माझ्याकडे. नियम एकच: ज्याचं अंग चालतंय त्यानं दोर वळायचे, मग जेवण. मावशी स्वतःचा दोर वळायची आणि दुसऱ्यांचे उसकटून ठेवायची. "असल्या दोरानं शेळी तरी थांबंल का?" रोज भांडण, रोज निवाडा करायला मी. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ती तुमच्या गळ्यात पडली नसतील.

पाऊस झाला, लोक आपापल्या गावी गेले. मावशी आणि दोघं-तिघं थकलेले म्हातारे तेवढे उरले. सोसायटीला गोदाम परत हवं होतं. चेअरमन पाहणीला येणार म्हणून मी तिला आधीच विनवलं, "मावशी, मला कुणी नाही, एवढंच सांगा. म्हणजे इथं राहू देतील."

चेअरमननी विचारलं तशी ती ताठ बसली. "कावून न्हाई? लेक हाय, सून हाय. नांदूरघाटला माळवदाचं घर हाय."

"मग यांना घरी पोचवा," चेअरमन मला म्हणाले.

मी चरफडत तिला एसटीनं नांदूरघाटला घेऊन गेलो. लेक खरोखर होता, घरही होतं. सुनेनं चहा दिला. "बरी हायस ना?" लेकानं जमिनीकडे बघत विचारलं. राहा म्हणाला नाही. चहा निव्वळ पाणी होता, तरी मावशीनं तो मुकाट्यानं संपवला आणि उठली.

परतल्यावर म्हणाली, "चेअरमनकडं चला." तिथं दारातच उभी राहिली. "लेक हाय, सायब. जागा न्हाई."

चेअरमननी मग गोदामाच्या टोकाची खोली या लोकांसाठी ठेवायला सांगितली.

पुढं कितीतरी वर्षं खताच्या वासावरून, पाण्यावरून, माझ्या चालण्याच्या आवाजावरून मावशीनं मला हैराण केलं. शेवटच्या आजारातही औषध पाणचट आहे म्हणून माझाच उद्धार.

माती झाल्यावर लेक खोलीच्या पायरीवर येऊन बसला. "आई हितं काय करायची दिवसभर?"

"भांडायची," मी वैतागूनच म्हणालो. "सगळ्यांशी. माझ्याशी तर जास्तच."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "घरी तिचा कदी आवाज ऐकला न्हाई आमी," तो म्हणाला.